पाला कडू लागला तरी

शेजारच्या खाजाभाईची पोरगी उझ्मा इंग्लंडात नर्स आहे. दर रविवारी ती मोबाईलवरून आमच्या कोल्हारच्या पोरापोरींना आरोग्याचं शिकवते, फुकट. मोबाईल माझ्या ओट्यावर, माझ्याच पितळी तांब्याला टेकवलेला. समोर माझी नात दिपाली आणि तिच्या वयाची पोरं. मी आतून भाकरी थापत म्हणायची, "तिकडं बसून हिला काय कळतंय आमचं?"

मागल्या महिन्यात आमचे मालक सकाळी घास कापायला गेले आणि पायाला साप चावला. चालतच घरी आले. मी काही घाबरणारी बाई नाही. दारच्या कडुलिंबाचा पाला ओरबाडला आणि त्यांच्या तोंडात घातला. विष चढलं असेल तर पाला कडू लागत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

"कसा लागतोय?"

"कडू. तुझ्या जिभेपरास कमीच."

"मग काय झालं न्हाई. बसा, चहा टाकते."

दिपाली आडवी आली. "आज्जे, पाल्यावर जाऊ नको. इंजेक्शन लागंल. आजोबा, पाय हलवू नका."

"आली मोठी डाक्टरीण. माझ्या सासूनं हेच केलं, मी बी हेच करनार."

तिनं सरळ उझ्माला फोन लावून मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

"चांगुणाआज्जी," उझ्मा म्हणाली, "आजोबांच्या डोळ्यांकडं बघा. पापण्या पडत्यात का?"

मी बघितलं. हा माणूस जन्मात कधी दिवसा झोपला नाही, आणि डोळे अर्धे मिटलेले.

"झोप येतीया," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

"चहा देऊ नका, पाणीसुद्धा न्हाई. निघा लगेच."

कप माझ्या हातातच राहिला. दिपालीनं काठी घेतली, माझं दांडीवरचं नवं पातळ टराटरा फाडलं आणि पाय काठीला बांधला. माझा थोरला, कल्याण, पिकअप घेऊन आला. मालकांना उचलून आडवं घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला. इंजेक्शनं लागली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर श्वास बंद पडला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे टक्क उघडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "पातळ फाटलं म्हनं तुझं."

मी तिथंच फरशीवर बसले आणि हसत सुटले. नर्सबाई बघत राहिली. बघू दे.

पुढच्या रविवारी मी पोरांच्या पुढं, तांब्याशेजारी बसले.

"आज्जी, आज तुमी सांगा," उझ्मा म्हणाली.

"ऐका रं," मी म्हणाले. "आमच्या मालकांना पाला कडू लागला हुता, आन् विष बी अंगात हुतं. पाला चाखत बसू नका, गाडी काढा. आन् पातळ फाडायचंच झालं तर जुनं बघून फाडा."

आतून मालकांचा आवाज आला, "त्या दिवशीचा चहा राह्यलाय."

मी मोबाईलकडं बघितलं. "देऊ का गं?"

"द्या आता," उझ्मा म्हणाली.