पंतांनी न ओळखलेला सायलेन्सर

मी बंदुकीचा सायलेन्सर बोलतोय. माझं सारं आयुष्य दुसऱ्याचा आवाज दाबण्यात गेलं, तेव्हा माझ्या बोलण्याचं तुम्हाला नवल वाटेल. पण विष्णुपंतांनी दिवसाढवळ्या, चार माणसांसमोर जे केलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वीतभर काळी पोलादी नळी, एवढंच माझं रूप. मला आटे फिरवून बंदुकीच्या तोंडाला बसवायचं, की बाराचा दणका होत नाही, नुसतं 'फट्' होतं. जन्म विलायतेतला. नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबानं मायदेशी परतताना मला आणि माझ्या जोडीच्या छोट्या रायफलीला विष्णुपंतांना विकलं. पंत सरकारी कचेरीत कारकून. शिकारीचा शौक त्यांना नव्हता, साहेबाची वस्तू घरात असल्याची ऐट मात्र होती. दर दसऱ्याला मला मऊ फडक्यानं पुसायचे आणि पाहुण्यांच्या हातात द्यायचे. "बघा, खास विलायती माल." मी सुखावून जायचो.

पुढं दिल्लीच्या सरकारनं हत्यारांचे नियम बदलले. आवाज दाबणाऱ्या वस्तू कुणी घरात ठेवायच्या नाहीत, असतील त्या जमा करायच्या. पंतांना तशी नोटीस आली. त्यांनी उलट लिहून दिलं, 'सदर वस्तू गहाळ झाली आहे,' आणि मला धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी सारलं. मला वाटलं, मायेपोटी खोटं बोलले. रायफल मात्र त्यांनी नोटिशीच्या आधीच रीतसर, परवान्यावर नोंद करून, पारनेरकडच्या मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याला विकून टाकली होती.

एकाहत्तर साली हाच मच्छिंद्र एका सकाळी पंतांच्या ओसरीवर येऊन बसला.

"पंत, बंदूक हाय, पन वाजवता येईना."

"का रे? बिघडली?"

"बंदूक ठीक हाय. आमच्या मंडळींचं बिघडलंय."

त्याची बायको राहीबाई. विहीर खोल करायचं काम चालू असताना ती भाकरी घेऊन गेली आणि ती काठावर असतानाच सुरुंग वेळेआधी उडाला. अंगाला नुसतं खरचटलं. पण तेव्हापासून मोठा आवाज कानावर पडला, की तिची दातखिळी बसायची. तास तास डोळे उघडायची नाही.

"कोल्हे लई माजलेत," मच्छिंद्र म्हणाला. "तीन करडं नेली. बार काढावा तर ही पडती. न काढावा तर शेरडांचं खांड रिकामं हुतंय."

पंत उठले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि कित्येक वर्षांनी मी उजेड पाहिला.

मच्छिंद्रनं मला उलटंपालटं करून बघितलं. "कायद्याचं काय, पंत? मला त्यातलं काय बी कळत न्हाई."

"अरे, माझी उभी हयात कचेरीत गेली. नवे नियम नव्या मालाला. हा जुना माल. बिनघोर ने."

ती नोटीस पंतांनी माझ्यासमोरच वाचली होती. पण मी काय बोलणार?

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मग मच्छिंद्रनं आठवड्याभरात आपली सगळ्यांत दुभती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेळी आणून त्यांच्या अंगणात बांधली.

मच्छिंद्रच्या घरी पहिल्या बाराच्या वेळी राहीबाई छपराच्या खांबाची मेढ घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती.

"झालं," मच्छिंद्र म्हणाला.

"कवा?" तिनं डोळे उघडले आणि पदरात तोंड घालून हसत सुटली. त्या घरात ती वर्षभरानं हसली होती म्हणे. माझ्या जन्माचं सार्थक झालं ते त्या सकाळी. दसऱ्याच्या पुसण्यानं नव्हे.

परवाना नवा करायची वेळ आली, तेव्हा राहीबाईच म्हणाली, "अवो, ह्याची बी नोंद करून आना. समदं कागदावर असल्यालं बरं."

त्यानं मला पिशवीत घातलं आणि तालुक्याच्या कचेरीत टेबलावर ठेवलं. "ह्याचं नाव लावून घ्या, साहेब." कारकुनानं मला हातात घेतलं, एकदम खाली ठेवलं आणि तो आत गेला. तो फौजदारांनाच घेऊन बाहेर आला.

"कुठून आणलंस हे?"

"विष्णुपंतांनी दिलं. इचारा की त्यास्नी. द्येवमानूस हाय."

फौजदार त्याला जीपमध्ये घालून नगरला पंतांच्या अंगणात घेऊन आले. मच्छिंद्रचा चेहरा निर्धास्त होता. पंत येतील, दोन शब्द सांगतील, प्रश्न मिटेल.

पंतांनी चष्मा लावला. मला तळव्यावर घेतलं. बोटं तीच, पंचवीस वर्षं ओळखीची.

"ही वस्तू मी दिलेली नाही," ते म्हणाले. "माझी होती ती गहाळ झाली. तसं लेखी दिलंय मी. रायफल न्यायला हा घरात येऊन गेला होता. त्याच वेळी... आता कुणाच्या मनात काय असेल, सांगता येत नाही."

"पंत!" मच्छिंद्रचा आवाज चिरकला. "आवो, तुमीच तर—"

एवढ्यात कोपऱ्यातली शेळी त्याच्या आवाजासरशी ओरडली आणि दाव्याला हिसके देत त्याच्याकडं ओढ घेऊ लागली. फौजदारांनी तिच्याकडं पाहिलं, मग पंतांकडं. पंतांनी मला परत दिलं आणि ते आत गेले. कागदावर त्यांचं लेखी होतं. शेळीची साक्ष कोण लिहून घेणार?

खटला सहा महिने चालला. चोरी काही शाबीत झाली नाही, पण मी त्याच्याकडं सापडलो हे खरंच होतं. दंड झाला, परवाना गेला, रायफल जप्त झाली. राहिलेली शेरडं त्यानं बाजारात विकली.

निकालाच्या दिवशी शिपाई मला गाठोड्यातून कोर्टाच्या आवारातून नेत होता. पुढं मच्छिंद्र आणि राहीबाई चालली होती. समोरून पंत आले. मच्छिंद्रचे हात सवयीनं जोडले गेले. राहीबाईनं ते धरले आणि खाली केले. पंत बाजूनं निघून गेले.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत फळीवर पडून आहे. लवकरच भट्टीत घालणार, असं कानावर येतं. घालोत. नियम मोडणारी वस्तू आहे मी, माझी तक्रार नाही. फक्त गावात कुणी मच्छिंद्रला चोर म्हणालं, तर तुम्ही एवढं सांगा: त्याला कुणी पकडून आणलं नव्हतं. तो आपल्या पायांनी आला होता, नोंद करायला.