बागेच्या फळ्यावरचं नाव

"आठ वाजलं. उठा आता," मी लांबूनच ओरडले.

मेंदीच्या कुंपणाआड बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. हलेना. जवळ गेले तर आधी टोपी दिसली, मग बाकावरचा स्टीलचा पेला. ते लालासाहेब होते. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, माझ्या शिवांजलीचे सासरे, म्हणजे माझे व्याही.

"या ईनबाई," म्हणत ते उभे राहिले. पेला लपवला नाही, एवढं मात्र सांगते. "टाइम झाला व्हय? घड्याळ घरीच ऱ्हायलं."

लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या माणसासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळलेला नाही. मुलीची आई मी. आणि आज हातात बागेचं कुलूप घेऊन त्यांना हाकलायला आले होते.

आष्ट्यातल्या आमच्या कॉलनीची ही बाग म्हणजे चार बाक, एक घसरगुंडी आणि एक बकुळ. तीन वर्षांमागं इथं फुलांपेक्षा बाटल्या जास्त होत्या. खेळणाऱ्या पोरांच्या पायात काचा जायला लागल्या, तेव्हा मी अकरा बायका घेऊन नगरपालिकेत जाऊन बसले. साहेबांचा चहा निवला, पण आम्ही उठलो नाही. मग पाटी लागली : बाग सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ, दारू पिण्यास सक्त मनाई. पिणाऱ्यांनी त्याच पाटीला सायकली टेकवल्या.

मी म्हटलं, थांबा. भंगारातून शाळेचा एक फळा आणला आणि फाटकाला टांगला. पिताना सापडेल त्याचं नाव आठ दिवस फळ्यावर. माझी शाळा तिसरीपर्यंतची, जोडाक्षर आलं की खडू अडतो. पण नाव वाचता आलं की झालं, मला कुठं बक्षीस घ्यायचंय? वर्षभरात बाग रिकामी झाली. घर समोरच, म्हणून किल्लीही माझ्याकडंच आली.

शेवटचं नाव श्रावणात लिहिलं होतं. गुंडा नावाच्या माणसाचं. तो बाजारात हमाली करतो. दिवसभर पोती उचलून बकुळीखाली चपटी घेऊन बसला होता.

"आजी, आठ दिस नगं, दोन दिस ठिवा. रविवारी पोरीला बघाया मिरजेचं पाव्हणं येणार हाईत," तो हात जोडून म्हणाला होता.

"पिताना पोरगी आठवली न्हाई व्हय?" मी म्हणाले, आणि नाव आणखी मोठं काढलं.

पाहुणे आले, गुंडाचं घर विचारायला नेमके बागेपाशीच थांबले. फळा वाचला आणि तिथूनच माघारी फिरले.

तोच गुंडा आता फाटकाशी उभा होता. खांद्यावर रिकामं पोतं. माझं ओरडणं ऐकून थांबला असावा.

"पाव्हणं, हे हितं कशाला?" मी हळू आवाजात विचारलं.

"सूनबाई म्हणाली, घरात लेकरं हाईत, हितं चालायचं न्हाई. बरोबर हाय तिचं." लालासाहेबांनी रुमालानं पेला पुसला. "ही होती तवा अंगणात बसायचो. शेंगदाणं ठिवायची, कांदा उभा चिरून ठिवायची. दोन झालं की बाटली उचलून न्यायची. आता उचलाया कोण न्हाई, म्हणून मीच एकावर थांबतो."

माझी विहीण चैत्रात गेली. घरात चालायचं नाही, हे वाक्य शिवांजलीचं नव्हतं. ती सहा वर्षांची असताना तिच्यादेखत मी ते तिच्या वडिलांना सुनावलं होतं. त्यानंतर ते कुठं जाऊन बसायचे, हे मी त्यांच्या जिवंतपणी कधी विचारलं नाही.

"आजी, खडू हाय का?" गुंडा फाटकातून म्हणाला. "का आणून दिऊ?"

"तू घरी जा."

"जातो की. नाव बघून जातो. माजं बी सगळ्यांनी बघितल्यालं."

लालासाहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. पेला पिशवीत घातला. "लिवा, ईनबाई."

"तुमी गप बसा. शिवांजलीचा तरी इचार करा. गावात तिनं तोंड कसं दाखवायचं?"

"आवं, मी नियम मोडलाय. पल्टनीत चुकला त्याचं नाव बोर्डावर लागायचं. सुभेदार असला तरी लागायचं."

मग गुंडाच म्हणाला, "असू द्या, आजी. म्हातारं माणूस हाय. म्या कुणाला सांगत न्हाई."

त्यानं मला सुटायला दार उघडून दिलं होतं. मी निघून गेले असते तर लेक माझी राहिली असती, आणि बागेतही कुणाला काही कळलं नसतं.

"तुज्या पोरीच्या वक्ताला कुणी असू द्या म्हणालं न्हवतं," मी म्हणाले आणि खडू काढला.

'सुभे' एवढं लिहून झालं, तर लालासाहेब मागून म्हणाले, "ते पुसा. नुसतं लालासाहेब लिवा. सुभेदार पल्टनीनं केलं. पल्टनीचं नाव ह्यात नगं."

मी पदरानं पुसलं आणि नुसतं लालासाहेब लिहिलं. गुंडा फळ्याकडं न बघताच निघून गेला.

सकाळी शिवांजली दारात आली. उंबरा ओलांडला नाही.

"आई, माज्या सासऱ्याचं नाव तू लिवलंस?"

"मीच लिवलं."

"पूस ते."

"आठ दिस ऱ्हातंय. सगळ्यांचं ऱ्हातंय."

"तुला फळा पायजे का लेक पायजे?"

शिवांजली घटकाभर उभी राहिली आणि गेली.

नवव्या दिवशी मी नाव पुसलं. मिरजेला त्या पाहुण्यांकडंही जाऊन आले. गुंडा वाईट माणूस नाही, हे त्यांना सांगायचं होतं. मुलाचं दुसरीकडं ठरलं होतं. त्यांनी चहा दिला, मी प्याले आणि परत आले.

दिवाळी गेली. संक्रांतीला शिवांजलीनं तिळगूळ शेजारणीच्या हाती पाठवला.

लालासाहेब मात्र रोज येतात. रिकाम्या हातानं त्याच बाकावर बसतात. कधी गुंडा शेजारी येऊन टेकतो, दोघं उसाच्या गाड्या मोजल्यासारखे रस्त्याकडं बघत राहतात. आठ वाजता मला ओरडावं लागत नाही. लालासाहेब आधीच उठलेले असतात. फाटकाची एक झडप जमिनीला घासते, मला एकटीला ती रेटवत नाही. ते ती दोन्ही हातांनी उचलून कडीपाशी आणतात आणि मी कुलूप घालीपर्यंत धरून उभे राहतात. शिवांजली कशी आहे हे मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. कुलूप लागलं की टोपी सारखी करतात आणि माझ्या लेकीच्या घराकडं चालू लागतात.