उघड्या झाकणाची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. वाजवायची नव्हे, ठेवायची. व्हायोलिन ज्यात ठेवतात ती. टाळ्या पडतात त्या व्हायोलिनला. मला आजवर कुणी टाळी वाजवल्याचं आठवत नाही. तक्रार नाही हं माझी. म्हणजे आहे, पण थोडीशीच.

एका सुताराने मला पातळ प्लायवूडची बनवली. वरून जाड काळं कापड, आतून लाल मखमल, पितळेच्या दोन कड्या आणि मधोमध एक चिमुकलं कुलूप. काम संपल्यावर तो गडी चक्क माझ्या पाठीवर उभा राहिला. मी कुरकुरलेसुद्धा नाही. "आत काहीही ठेवा, ओरखडा उमटणार नाही," असं तो ऐटीत म्हणाला. ते वाक्य मी जन्मभर उराशी धरून बसले आणि तिथेच माझं चुकलं. पण ते पुढे सांगेन.

पहिली काही वर्षं शाळेतल्या एका संगीताच्या बाईंकडे गेली. त्या निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा व्हायोलिन आणि मी वाद्यांच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथून आम्हाला मास्तरांनी घरी नेलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच आहे, म्हणून ते शिकणाऱ्याच्या शेजारी निर्धास्त बसतात. मंगळवारी ते शिकवणी संपवून तसेच व्हायोलिनच्या क्लासला जायचे, त्यामुळे मी मागच्या सीटवर असायचे आणि सगळं ऐकायचे. चढावर गाडी बंद पडली की शिकणारा घामाघूम व्हायचा. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. मास्तर मात्र खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायचे, "बंद पडली? पडू दे. मागच्याला वाजवू दे हॉर्न. आपण परत सुरू करायची." हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याची गणतीच नाही.

व्हायोलिन हातात धरलं तेव्हा मास्तर अडतीस वर्षांचे होते. या वयात हे काय नवीन खूळ, असं शेजारीपाजारी म्हणाले. खरं सांगायचं तर ते बेताचंच वाजवायचे. पण रोज संध्याकाळी सातला घरी आले की हातपाय धुऊन, चहाचा कप बाजूला सारून, माझ्या कड्या खटाखट उघडायचे. मास्तरीणबाई घरी पडदे शिवायच्या. त्यांचं शिलाई मशीन त्याच खोलीत. मशीन खडखड चालू लागलं की मास्तर त्याच ठेक्यावर वाजवायचे. मास्तर चुकले की बाई पायडलवरचा पाय थांबवायच्या, ते सावरले की पुन्हा सुरू करायच्या. वीस मिनिटांचा मामला. पण तेवढ्या वेळात दिवसभराचा धूर आणि हॉर्न मास्तरांच्या चेहऱ्यावरून उतरून जायचे. अशी दहा वर्षं गेली.

मग मास्तरांचे थोरले भाऊ नोकरीतून निवृत्त झाले. घरातल्या माणसांचा छोटासा समारंभ होता. सगळ्यांनी गळ घातली म्हणून मास्तरांनी वाजवलं. तिसऱ्या ओळीला एक सूर घसरला, पण त्यांनी शेवटपर्यंत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही. पुतण्याने मात्र ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि कौतुकाने घरातल्या सगळ्यांना पाठवलं.

त्या दिवशी घरी येऊन मास्तरांनी खुर्चीत बसून ते ऐकलं. मग परत ऐकलं. आपण वाजवत असताना आपल्याला जे ऐकू येतं ते वेगळंच असतं, मित्रांनो. त्यात मनातलं गाणंही मिसळलेलं असतं. मोबाइलमध्ये मनातलं काही आलं नव्हतं, नुसती करकर आली होती. खाली लोकांनी फुलांची आणि बदामाची चित्रं पाठवली होती. एका मामेभावाने लिहिलं होतं, "प्रयत्न चांगला." बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर मास्तर चार दिवसांत विसरले असते. हे दोन शब्द मात्र त्यांच्या मनात काट्यासारखे रुतले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी क्लास चुकवला. त्याच्या पुढच्याही. एक दिवस त्यांनी व्हायोलिन नीट पुसलं, गज ढिला केला, दोन्ही मला सोपवून कुलूप लावलं आणि मला कपाटावर चढवलं. गज म्हणजे ज्याने व्हायोलिन वाजवतात ती लांब काठी. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. मास्तरीणबाईंनी नुसतं वर बघितलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला त्या रेडिओ लावू लागल्या.

आणि मी? लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. माझी छाती फुगली. आता खरी राखण, म्हटलं. ना उघडझाप, ना धक्के. ओरखडा उमटला तर नाव बदलीन. चार वर्षं मी अशी ताठ मानेने पहारा देत बसले. सुरुवातीला एखादी तार ढिली होताना आतून टिंग असा आवाज यायचा. पुढे तोही येईना. मखमलीच्या शिवणीत अधूनमधून गुदगुल्या व्हायच्या. मी मनाशी म्हटलं, वय झालं, चालायचंच.

त्या सुमाराला मास्तरांकडे एक नर्सबाई गाडी शिकायला येऊ लागल्या. रुग्णालयातली नोकरी संपवून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना स्वतः गाडी चालवायची हौस आली होती. परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा फी भरायला त्या घरी आल्या, तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या की नऊ वर्षांची नात व्हायोलिनसाठी हट्ट धरून बसली आहे. मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पटकन म्हणाले, माझं घेऊन जा, नुसतं पडून आहे, कुणाच्या वापरात तरी येईल.

त्या गेल्यावर मास्तरांनी बायकोला विचारलं, दिलं तर चालेल ना? "तुमची वस्तू, तुम्ही बघा," एवढंच बोलून बाईंनी मशीन सुरू केलं. मी वरून बघत होते ना, मला सगळं दिसत होतं. मशीनमध्ये दोराच नव्हता. तरी पाच मिनिटं त्या ते चालवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. शिकवणी संपली की नर्सबाईंच्या हवाली करायचं असं ठरलं होतं. नेमकी चढावर गाडी बंद पडली, मास्तरांनी नेमकं ते वाक्य म्हटलं, आणि नर्सबाईंनी गाडी सुरू करून नीट वर नेली. वर पोचल्यावर त्यांनी सहज विचारलं, इतकी वर्षं वाजवत होतात तर सोडलं का? मास्तरांनी मोबाइलची हकिकत सांगितली. शेवटी म्हणाले, आपल्याला जमत नाही हे कळलं, मग कशाला उगाच?

नर्सबाईंनी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर द्यायला विसरल्या, पण घेतली. "मास्तर, तीन महिन्यांत माझी गाडी शंभरदा बंद पडली असेल. मी तुम्हाला कधी म्हटलं का, की जाऊ दे, गाडी नातीला देऊन टाकते?"

मास्तर हसले. मग मागे वळून त्यांनी माझं कुलूप काढलं आणि व्हायोलिन दाखवायला म्हणून झाकण उघडलं. गज उचलला, तर त्याचे केस मूठभर गळून त्यांच्या मांडीवर पडले. जे उरले तेही कुरतडलेले. शिवणीतल्या गुदगुल्या कसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. कसर लागली होती.

नर्सबाई म्हणाल्या, असं आजारी देऊ नका, आधी बरं करा. म्हणून आमची वरात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडे गेली. त्यांनी व्हायोलिन बाजूला ठेवलं आणि आधी माझ्याच मखमलीत बोट घातलं. "अंधार, मऊ कापड आणि बंद झाकण. कसरीला याहून चांगलं घर कोण देणार?" असं ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मित्रांनो. ज्याची राखण करतेय म्हणून मी चार वर्षं मिरवत होते, त्याच्या शत्रूला मीच पोटात पोसलं होतं.

नव्या तारा लागल्या, गजाला नवे केस बसले. आजोबांनी विचारलं, कुणासाठी? नऊ वर्षांच्या मुलीसाठी, असं मास्तरांनी सांगितलं. आजोबांनी एकदा व्हायोलिनकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि नुसतं "हं" केलं. मग म्हणाले की नवे केस लगेच तार पकडत नाहीत. राळ लावायची आणि आठवडाभर रोज नुसते लांब गज ओढायचे. गाणं-बिणं वाजवायचं नाही. मग खुशाल देऊन टाका. राळ म्हणजे झाडाच्या चिकाचा वाळलेला खडा. तो घासल्याशिवाय गज तारेवरून नुसता घसरतो.

मास्तरीणबाईंनी माझी मखमल फाडून काढली, मला दोन दिवस कडक उन्हात टाकलं आणि उरलेल्या पडद्याचं कापड आत लावलं. पिवळ्या फुलांचं. इतक्या वर्षांची लाल मखमल गेली आणि पदरी हे आलं. शोभतं का मला? अजिबात नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि गज ओढला. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही तीच रड. पण गंमत बघा, त्यांना वाईट वाटत नव्हतं. आपलं थोडंच आहे, त्या पोरीचं आहे, असं ते स्वतःशीच पुटपुटले. वस्तू आपली नाही म्हटल्यावर अब्रू जायचाही प्रश्न नव्हता. तिसऱ्या दिवशी केसांनी तार पकडली आणि एक लांब, गोल सूर खोलीभर पसरला. मास्तर गज उचलायचेच विसरले.

चौथ्या दिवशी दार लोटलं नव्हतं. हातातल्या गजाने लांब रेघा ओढता ओढता डाव्या हाताची बोटं आपणहून तारांवर पडली आणि जुन्या गाण्याची ओळ निघाली. सक्त मनाई असलेलं गाणं. कोपऱ्यात मशीन खडखडू लागलं. मास्तरांनी ठेका पकडला. दोन ओळी झाल्या, आणि तिसऱ्या ओळीला, समारंभात घसरला होता तिथेच, सूर पुन्हा घसरला. मास्तरांनी गज खाली घेतला. मशीनही थांबलं.

"बंद पडली?" मास्तरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

"पडली."

"मग?"

मास्तरांनी गज पुन्हा तारेवर ठेवला. त्या दिवशी वीस मिनिटांचा पाऊण तास झाला आणि बाईंच्या हातून पडद्याची एक शिवण तिरकी गेली. ती त्यांनी उसवली नाही.

आठवडा संपला, द्यायचा शनिवार उजाडला. दिलेला शब्द मोडायचा कसा? नर्सबाई नातीला घेऊन आल्या. मास्तरांनी मला पुसून टेबलावर ठेवलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण हात माझ्या मुठीवरून निघत नव्हता. नातीने व्हायोलिन खांद्याला लावलं, डावा हात लांब केला, आणखी लांब केला, पण बोटं टोकापर्यंत पोचेनात. "हात पुरत नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी आजोबांना फोन लावला. आजोबा म्हणाले, नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं व्हायोलिन पुरेल कसं? तिच्या मापाचं छोटं माझ्याकडे आहे, पाठवा तिला. मग हे आधी का नाही सांगितलंत, असं मास्तरांनी विचारलं. "सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर वाजवलं असतंत का?" असं म्हणून आजोबांनी फोन ठेवून दिला.

मास्तरांनी व्हायोलिन परत हातात घेतलं. लॉटरी लागल्यासारखा चेहरा झालाय बघा यांचा, असं मास्तरीणबाई नर्सबाईंना म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

नर्सबाई तिसऱ्या परीक्षेत पास झाल्या. त्यांच्या आनंदात मास्तरांनी वाजवलं, नातीने ते मोबाइलवर टिपलं, आणि मास्तरांनी स्वतःच ते घरातल्या सगळ्यांना पाठवलं. मामेभावाने पुन्हा लिहिलं, "प्रयत्न चांगला." मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं, खळखळून हसले आणि उलट लिहिलं, "चालूच आहे."

आता व्हायोलिन मशीनशेजारच्या खुंटीवर टांगलेलं असतं. जाता-येता हाताला लागावं म्हणून. मी खिडकीखाली उघडी पडलेली असते. माझ्या पोटात राळेचा खडा, पुसायचं फडकं आणि एक जास्तीची तार, एवढाच संसार. सुरुवातीला रिकामपण फार टोचलं. पण संध्याकाळी सात वाजले की मला कळतं की मी रिकामी आहे म्हणूनच घरात सूर आहे.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आवडीची वस्तू जपा, पण कुलूपबंद करून जपू नका. ती हाताशी ठेवा, वापरा, वेडीवाकडी वाजवा. जमत नाही म्हणून झाकण लावाल, तर आत कसर कधी लागते ते माझ्यासारख्या पहारेकरणीलाही कळत नाही. खिडकीतून माझ्यावर धूळ येते. पिवळी फुलं मळली आहेत. परवा व्हायोलिनला मशीनचा कोपरा लागून एक बारीकसा ओरखडाही उमटला. सुताराचा तो ऐटबाज शब्द अखेर मोडला.

उमटला? उमटू दे.