गमछ्याचं कोरडं टोक

रायपुरात तेलीबांध्याच्या तळ्याकाठी मांडव घातला होता. सदर बाजारातले सोनार, भनपुरीचे ट्रकवाले, नव्या राजधानीतले बाबू, सगळे एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. मंचावर अग्निबंधन महाराज होते. त्यांनी राखेची रेघ ओढली की आग ती ओलांडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. आश्रमात मात्र आग विझवायचे दोन लाल सिलिंडर टांगलेले असत. ते कशाला, हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

"अग्नि मेरी बेटी है," महाराज माइकमधून म्हणाले. "और बेटी बाप की खींची लकीर नहीं लाँघती."

टाळ्या पडल्या. ज्यांच्या लेकी बापाचं ऐकत नव्हत्या, त्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

पहिल्या रांगेत विनोदिनीबाई मांडीवर लाल चौकड्यांचा गमछा घेऊन बसल्या होत्या. गमछा त्यांच्या शिशिरचा. शिशिर वनरक्षक होता, रायपूरहून तीन तासांवरच्या जंगलात. गेल्या चैत्रात तो वणव्यात गेला. अंगावरचं काहीच परत आलं नाही. चौकीतल्या खुंटीवर हा गमछा तेवढा राहिला होता.

विनोदिनीबाईंचं लक्षवातींचं व्रत. पहाटे अंघोळ करून एकशे आठ वाती वळल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी वाती वळल्या. वाती जाडजूड झाल्या, पण मोजून एकशे आठ भरल्या. त्या महाराजांच्या जुन्या भक्त होत्या. आज महाराज शिशिरच्या आत्म्याला शांती देणार होते, म्हणून त्या आल्या होत्या. सोबतीला शिशिरच्या चौकीवरचा म्हातारा अग्निरक्षक हिरालाल आला होता. तो मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

महाराजांचं नाव झालं तेही त्याच जंगलापायी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी वनाच्या हद्दीवर राख टाकत फेरी मारली. त्या उन्हाळ्यात वणवा आला आणि राखेपाशी येऊन विझला. पेपरात फोटो आला. राखेखाली काय होतं, ते फोटोत दिसलं नाही. खाली होती खात्याची जाळरेषा. थंडी सरता सरता शिशिर आणि त्याच्या माणसांनी बारा हात रुंदीचा पट्टा कापून, जाळून, साफ केलेला. आगीला खायला काही मिळालं नाही, म्हणून ती थांबली.

पुढच्या वर्षी पेपरातला फोटो गावातल्या देवघरांत गेला. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या फाल्गुनात, महाराजांचा हुकूम आला की रेघेला झाडू लागता कामा नये, बंधन तुटतं. नेमकी तेव्हाच साल वृक्षांची पानगळ सुरू झाली होती. जाळरेषा दर चार दिवसांनी झाडावी लागते, पण गाव आडवं आलं. शिशिरनं गावातल्या पीसीओवरून आईला फोन केला.

"आई, रेषेवर घोट्याइतकी पानं साचून राहिली. तू महाराजायले सांग न. तुह्यं ऐकतील ते."

"काहून हात लावतो रे तिले? त्यायनं बांधली आहे न."

"झाडली नाही तर ते रेषा नसते, आई. नुसती जागा असते."

"माही शपथ आहे तुले. झाडू लावू नको."

मग तो म्हणाला, "बरं."

त्या फोननंतर नवव्या दिवशी, चैत्र लागता लागता, कुणीतरी महुआच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखालची पानं पेटवली. फुलं टपकली की उघड्या जमिनीवर ती वेचायला चटकन दिसतात, म्हणून दरवर्षी पेटवतात. वारा फिरला. आग पानापानावरून चालत राखेच्या रेघेवर आली आणि तशीच पुढे गेली. शिशिर रेषेच्या अलीकडे उभा होता, जिथं ती यायलाच नको होती.

मंचावर आता महाराजांचा आवाज ओला झाला होता. "बच्चा नादान था. मेरी लकीर पर उसने झाड़ू मार दी. आज हम उसे क्षमा करते हैं."

फोनवर शिशिर "बरं" म्हणाला होता, ते विनोदिनीबाईंना आठवलं.

महाराजांच्या चेल्यानं बाईंच्या मांडीवरचा गमछा उचलला, मंचावरच्या पितळी घागरीत एका टोकानं बुडवला, पिळला आणि पेटवला. निळसर ज्वाळा भप्पकन वर गेली. मांडव उभा राहिला. ज्वाळा विझली तेव्हा गमछा जसाच्या तसा होता. चेल्यानं तो बाईंच्या ओंजळीत टाकला. अग्नीनं पोराला माफ केलं, असं महाराज सांगत होते आणि बायका रडत होत्या.

गमछा गार होता. त्याला इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात त्या स्पिरिटचा वास येत होता.

पन्नास वर्षं वाती वळलेल्या बोटांनी तो ओला पदर चाचपला. तुपात भिजलेल्या वातीचं तूप आधी जळतं, आणि ते आहे तोवर वात टिकते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रोज समईसमोर बसून दिसलं होतं.

त्या उठल्या. मंचावर चढल्या आणि तिथं पेटत असलेल्या समईपाशी गेल्या. चेला त्यांना अडवायला पुढे झाला, पण त्या वाकल्या तेव्हा त्याला वाटलं, नमस्कार करताहेत.

त्यांनी गमछ्याचं दुसरं, कोरडं टोक ज्योतीला लावलं.

ते एका श्वासात पेटलं. पिवळ्या आगीनं लाल चौकडी एकेक करून खाल्ली. बाईंनी हात सोडला नाही. बोटांपर्यंत चटका आला तेव्हा हिरालालनं धावत येऊन गमछा खाली टाकला आणि पायानं विझवला. ओला तुकडा तेवढा उरला.

"घागरीत अर्धं स्पिरिट आहे अन् अर्धं पाणी," विनोदिनीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, माइक जवळ होता म्हणून ऐकू गेला. "स्पिरिट जळते, पाणी कापडाले राखते. घरी करून पाहा, पण पाण्याची बादली जवळ ठेवा."

"माताजी दुख में हैं," महाराज म्हणाले.

"आहे. माह्या पोरानं झाडू नाही मारला. मीच शपथ घातली होती त्याले."



"हव," हिरालाल म्हणाला. त्याला बाईंकडे बघवत नव्हतं. "शिशिरभैयानं सारे झाडू चौकीतल्या कोठीत ठेवून कुलूप लावलं होतं. म्हणे, माँ की कसम है, हिरालाल. चाबी खिशात होती त्यायच्या."

हे बाईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या मंचाच्या पायरीवर बसल्या.

"मी देव सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्याही वाती वळीन. पण देवानं पानं झाडायले हात देले होते, ते मी बांधून टाकले. तुम्ही नका बांधू. कोणी चमत्कार दाखवला तर म्हणा, कोरडं टोक पेटवून दाखवा. महुआखाली जाळू नका, झाडून घ्या. जंगलातली माणसं रेषा झाडत असतील तर त्यायले झाडू द्या. एवढंच करा."

महाराज मागच्या कनातीतून केव्हा गेले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घागर राहिली होती. सदर बाजारातल्या एका सोनारानं पुढे होऊन ती हुंगली आणि मागच्याच्या हातात दिली.

फाल्गुन लागल्यावर विनोदिनीबाई हिरालालबरोबर जंगलात गेल्या. पहाटे चौकीत बसून त्यांनी एकशे आठ वाती वळल्या, पाणी प्याल्या. मग हिरालालनं कोठीचं कुलूप तोडलं. झाडू अजून तिथंच, शिशिरनं रचून ठेवले होते तसे होते. बाईंनी वरचा उचलला.