ऋजुताचा पाय मला लागला

मी कार्बाइन बोलतोय. बंदुकीला सगळे 'ती' म्हणतात, म्हणोत बापडे. इतकी वर्षं गोळ्या ओकून माझा घसा असा बसलाय की मला बाई म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

शाळा मी पाहिली नाही. जर्मनीतल्या कारखान्यात जन्मलो आणि एक्याण्णव साली लंडनबाहेरच्या पोलीस ट्रेनिंग सेंटरात आलो. मराठी शिकलो ती आमच्या शस्त्रागारातल्या पुरुषोत्तमच्या तोंडून. मूळचा खडकीचा फिटर, राहायला ईलिंगला. मला तेल देताना त्याचं तोंड कधी बंद नसायचं. दसऱ्याला सुपरमार्केटातलं शेवंतीचं फूल आमच्या रॅकवर ठेवायचा आणि कुणी विचारलं तर 'एअर फ्रेशनर' म्हणून सांगायचा.

बाकीच्यांचं काय सांगू? माझ्यावर ओले कोट टांगले, माझ्याशेजारी चहा सांडला. आमचा इन्स्ट्रक्टर सार्जंट प्रिचर्ड तर मी चटईवर वाकडा पडलो की बुटाच्या टोकाने मला सरळ करायचा. माणूस वाईट नव्हता. पण बूट तो बूट.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात इंटरमीजिएट कोर्स लागला. उभं राहून कागदाला भोकं पाडणं पहिल्या कोर्सात झालेलं असतं. इथे पळून धाप लागल्यावर, आडोशामागून, गुडघ्यावर, पालथं पडून मारायचं. आणि कधी मारायचं नाही, ते त्याहून जास्त शिकायचं. आम्हाला बाहेर काढतात ते कुणाचा तरी जीव वाचवायला. हे ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याने घरी बसावं.

सहा जणांत मुलगी एकच, ऋजुता. मराठी डॉक्टरांची लेक, जन्म इकडचाच. मागच्या वर्षी ती याच कोर्सात नापास झाली होती. यंदाही राहिली तर शस्त्राचं काम कायमचं बंद. तिने मला खांद्याला लावलं आणि मला बरं वाटलं. उगाच आवळणं नाही, ट्रिगरवर उतावीळ बोट नाही. गोळ्या एकाच भोकात गेल्यासारख्या. शंभर हात पाहिलेत मी, असे दोन-चारच.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. गुडघ्यावरून पालथं पडताना तिचा बूट माझ्या दस्त्याला लागला. झालं. बाईसाहेबांनी उजवा हात मुठीवरून काढला, मला लावला आणि कपाळाला लावला. समोर कागदी माणसांची निशाणं उभी, मी भरलेला, आणि हिचा नमस्कार चाललेला.

प्रिचर्डने शिट्टी मारली. हे काय होतं, म्हणून विचारलं. सवय, सॉरी, असं ती म्हणाली. तो म्हणाला की समोरचा माणूस तुझी सवय संपेपर्यंत थांबणार नाही. भरल्या शस्त्रावरून हात पुन्हा निघाला तर त्याच दिवशी सामान आवरायचं.

संध्याकाळी मला परत करताना तिने पुरुषोत्तमला सगळं सांगितलं.

"मनातल्या मनात करावा गं नमस्कार," तो म्हणाला.

"नाही होत, काका," ती तिच्या इंग्लंडी मराठीत म्हणाली. "हात आपोआप जाते. पुस्तकाला लागलं, कुणाला लागलं, आईने लहानपणापासून तशीच सवय लावला."

पुरुषोत्तम हसला नाही. माझी नळी पुसत बसला. मग म्हणाला, "नमस्कार करताना हात कशासाठी नेतेस? शस्त्राला शिवायलाच ना? मग तो मुठीवर आहेच की. पाय लागला की मूठ घट्ट धर. हाच तुझा नमस्कार. कपाळाचं राहिलं तर ते नंतर इथे येऊन फेड."

त्यानंतर रोज ती मला रिकामा घेऊन चटईवर पडायची, मुद्दाम बूट लावायची आणि मूठ दाबायची. मला ते आवडलं असं कोण म्हणेल? पण सोसलं.

परीक्षेच्या दिवशी पाऊस होता. ती पळत आली, आडोशामागे गुडघ्यावर बसली, दोन गोळ्या नीट. पालथं पडताना बूट लागलाच, आणि चांगला जोरात. मी वाट पाहिली. हात सुटला नाही. बोटं माझ्यात रुतली फक्त.

आणि नेमका मी अडकलो. माझाच दोष, रिकामं काडतूस घशात राहिलं. तिने हँडल ओढून खाचेत अडकवलं, मला झटकून मोकळं केलं, नवं मॅगझिन लावलं, हँडलवर थाप मारली. तेवढ्यात शेवटचं निशाण आमच्याकडे वळलं. त्या कागदी माणसाच्या हातात फोन होता. तिचं बोट ट्रिगरच्या बाहेरच राहिलं.

पास झाली.

मला रिकामं करून तिने काउंटरवर ठेवलं आणि राहिलेला नमस्कार केला, दोन्ही हातांनी, सावकाश. पुरुषोत्तमने कागदावर सही घेतली आणि नाक पुसलं. प्रिचर्ड दारात उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी मी चटईवर वाकडा पडलो तेव्हा तो पठ्ठ्या गुडघे कुरकुरवत खाली वाकला आणि त्याने मला हाताने सरळ केलं.

आता दोन हजार नऊ. पुरुषोत्तम रिटायर झाला, रॅकवर फूल नाही. ऋजुता नव्या पोरांना शिकवते म्हणे, दुसऱ्या सेंटरात. माझी नळी झिजली. पुढच्या आठवड्यात मला करवतीने कापून भट्टीत टाकणार आहेत. टाका. रडगाणं गायला मला येत नाही.

एकच सांगणं आहे. कापताना मला हलू न देण्यासाठी कुणीतरी वर पाय देईल. तसं करू नका. व्हाइसच्या जबड्यात आवळून धरा. आणि चुकून बूट लागलाच, तर हात मोकळे असतील तुमचे. काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.