अर्ध्या नावाची सुरी

बाजारात त्याला सगळे नाववाला म्हणत. तांबं, पितळ, चांदी, जे समोर येईल त्यावर तो हाताने नाव कोरून देई. स्वतःच्या बायकोच्या सुरीवर नाव कोरायला मात्र त्याला एकतीस वर्षांत सवड झाली नव्हती. 'उद्या करतो' म्हणायला रोज सवड होती.

बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि शुक्रवारी निवृत्त होणार होती. तिथला नियम साधा होता. सुरीवर नाव कोरलेलं असेल तर सुरी तुमची, नसेल तर कोठीत जमा. ही सुरी तिने पहिल्या पगारातून घेतली होती आणि इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. सोमवारी ती नवऱ्यापुढे ठेवून म्हणाली, "अहो, समोरच्या दुकानात मशीन आहे. दोन मिनिटांचं काम."

"मशीनकडे जायला मी काय मेलोय?"

पाणी दिलेलं, कडक स्टेनलेस स्टील होतं. पहिल्याच ठोक्याला कोरणीचं टोक मोडलं आणि त्याच्या चष्म्यावर आदळलं. सुरीवर ओरखडाही नव्हता. त्याने टोक घासलं, ठोका दिला, टोक मोडलं. तापवून मऊ करू का, असं त्याने विचारून पाहिलं.

"पाणी उतरलेल्या सुरीने काय लोणी कापू?" बायको म्हणाली.

शेवटी कोरणीला आखूड, जाडसर टोक काढल्यावर स्टीलने केसाएवढी जागा दिली. पाच ठोके मारायचे, की परत घासायला बसायचं.

इथे त्याने माती खाल्ली. पितळेवर तो आधी वेलबुट्टी काढी आणि मग नाव. हाताला तीच सवय. एका पानात मंगळवार गेला, दुसऱ्यात बुधवार. बायकोच्या नावात अक्षरं चार. शुक्रवारी सकाळी त्यातली दोन झाली होती, कोरण्या संपल्या होत्या आणि अंगठा टम्म सुजला होता. त्याला मनापासून लाज वाटली. तशीच सुरी घेऊन तो तिच्यासोबत इस्पितळात गेला.

कोठीवाल्याने सुरी उजेडात धरली. "पानं छान आहेत. नाव कुठंय?"

"हे काय," बायकोने बोट ठेवलं. "घरी मला एवढंच म्हणतात."

कोठीवाल्याने नवऱ्याकडे पाहिलं. "काय म्हणता हो तुम्ही यांना घरी?"

घरी तो तिला 'अगं' म्हणे. लांब असली तर 'अगं ए'. त्याने घसा खाकरला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. निम्म्या.

"काय हो?" ती इतक्या सहज म्हणाली, की कोठीवाल्याने सुरी जमा करायच्या यादीतून खोडून टाकली.

फाटकापाशी ती थांबली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"आता कोण ऐकतंय?"

"मी."