पीथमपूरचे सुपरवायझर

इंदूरची मिल बंद पडल्याला तिसरं वर्ष लागलं, तेव्हा शेजवळांच्या घरात परदेशीपुरा सोडायचं ठरलं. ठरवलं चंपाबाईंनी आणि त्यांच्या मुलीनं, कीर्तीनं. आनंदरावांनी नुसती मान हलवली. मिलच्या लाइनीतल्या खोल्यांची वीज केव्हाच तोडलेली होती, नळाला पाणी येईल तेव्हा येई, आणि दिवस कलला की बेकार बसलेली माणसं पिऊन एकमेकांच्या अंगावर धावत. कीर्ती तुकोगंजला एका डॉक्टरच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायचं काम करी. एका संध्याकाळी घरी येताना कोपऱ्यावर कुणीतरी तिची ओढणी धरली. धरणारा आनंदरावांच्याच खात्यातल्या एका विणकराचा मुलगा निघाला. लहानपणी तो त्यांच्या खांद्यावर बसून अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाक्या बघायला आलेला. त्या दिवशी चंपाबाई म्हणाल्या, "बस हो गया आता. इथं नाही राहायचं."

आनंदराव मिलमध्ये जॉबर होते. मागांची एक अख्खी रांग त्यांच्या ताब्यात असे आणि नवी पोरं त्यांना उस्ताद म्हणत. आता ते एका टॉकीजच्या सायकल स्टँडवर बसून बिल्ले वाटत. मिलकडून यायचे पैसे कोर्टात अडकले होते. घर चालत होतं ते कीर्तीच्या पगारावर, आणि हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे.

स्नेहलतागंजमधल्या दिघ्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, हे कीर्तीला एका पेशंटबाईनं सांगितलं. रविवारी तिघं बघायला निघाली. टेंपोतून उतरल्यावर कीर्ती थांबली.

"बाबा, ते विचारतील तुम्ही काय करता. आपण सांगायचं, पीथमपूरला कंपनीत सुपरवायझर आहेत."

"कशाला? जे करतो ते सांगू की."

"सायकल स्टँड म्हटलं की पुढचं कुणी ऐकतच नाही. तीन घरं गेली अशी. भाडं मी देणार ना? टाइमावर देणार. कुणाचं एक पैशाचं नुकसान नाही. मग झूठ काय त्यात?"

"तुझा आजा पलटणीत होता. महूच्या छावणीत साहेबासमोर उभा राहून त्यानं आपलं नाव, गाव, जात खणखणीत सांगितली. आयुष्यात काही लपवलं नाही त्यानं."

"आजोबांना पगार होता, बाबा," कीर्ती म्हणाली.

चंपाबाई पुढे चालू लागल्या होत्या.

शरच्चंद्र दिघे एका कॉलेजच्या ऑफिसातून रिटायर झालेले, उंच, गोरे, बोलायला गोड. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, आणि शेजवळ हे नाव ऐकून क्षणभर थांबून म्हणाले, "मी जात नाही बघत हं. जमाना बदलला. मी कमाई बघतो. महिन्याची आवक पक्की असली की बाकी अपने को कोई मतलब नहीं. तुम्ही कुठे असता?"

आनंदरावांनी तोंड उघडलं. पण कीर्ती आधी बोलली. कंपनी मोठी आहे, बाबा शिफ्टचे सुपरवायझर आहेत, पगार चांगला आहे, बस घ्यायला येते. तिनं पगाराचा आकडाही सांगितला. मिलमध्ये त्यांना कधीच एवढा मिळाला नव्हता.

दिघ्यांनी आनंदरावांकडे बघितलं. "वा. मिलवाले सगळे रस्त्यावर आले, तुम्ही वेळेवर निघालात. कंपनीचा कागद-बिगद काही नको. मराठी माणूस आहात, शब्द पुरे."

आनंदरावांनी शब्द दिलाच नव्हता. पण नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांनी समोरचा पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गच्चीचा तुकडा आणि चोवीस तास वीज. चंपाबाईंनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, त्याशेजारी पलटणीच्या वेषातल्या सासऱ्यांचा. कीर्ती पहिल्या संध्याकाळी गच्चीत उभी राहून केस मोकळे सोडून गाणं गुणगुणत होती. तिला असं गुणगुणताना आनंदरावांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरीचंच बरोबर असेल.

पण दिघे सकाळीच ओट्यावर पेपर वाचत बसत. पीथमपूरच्या कारखान्यांच्या बसा पहाटे निघतात हे सगळ्या इंदूरला ठाऊक होतं. तेव्हा आनंदरावांना पहाटे उठून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघावं लागे. टॉकीज उघडायची दुपारी. मधला सगळा वेळ ते स्टेशनच्या बाकावर काढत. हमाल त्यांना ओळखू लागले. एक जण रोज विचारी, "भिया, आपकी गाड़ी आज भी लेट है क्या?" आनंदराव हसत. डबा ते तिथंच खाऊन टाकत, कारण स्टँडवर पोचल्यावर खायची त्यांना लाज वाटे.

दिघे आता त्यांना शेजवळसाहेब म्हणू लागले होते. रविवारी खाली चहाला बोलवत. वसुधाबाई, त्यांच्या पत्नी, संक्रांतीला गूळपोळ्या घेऊन स्वतः वर आल्या. हे सगळं प्रेम आपल्याला नाही, त्या सुपरवायझरला आहे, हे आनंदरावांना कळत होतं. तरी पोळी गोड लागली, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

एका रविवारी चहा झाल्यावर दिघ्यांनी आवाज खाली आणला.

"साहेब, आमच्या श्रीहरीचं काही बघा ना. डिप्लोमा केलाय, घरी बसून आहे. सरकारी भरती बंदच. आता जे काही आहे ते तुमच्या पीथमपूरला. तुमचा एक शब्द पडला तर..."

दारात श्रीहरी उभा होता. पंचविशीचा, दाढी वाढलेला. तो वडिलांच्या आवाजातल्या अजीजीनं शरमला होता. आनंदरावांना मिलच्या गेटवर जमलेली पोरं आठवली. ती सगळी अशीच उभी असायची.

"बघतो," ते म्हणाले.

वर आल्यावर कीर्ती भडकली. "बघतो कशाला म्हणालात? भरती बंद आहे म्हणायचं, किस्सा खतम."

"एक खोटं तू बोललीस. आता रोज एक नवं मी बोलू?"

"हो! बोला! मला पुन्हा त्या गल्लीतून यायचं नाहीये."

चंपाबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीशी मोठ्यानं बोलू नका. खाली ऐकू जातं."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आनंदराव खरोखरच पीथमपूरला गेले. एरवी ज्या बसमध्ये बसायचं नाटक करायचे, तिच्यात बसले. तिथं एका कारखान्यात जयसिंगराव होता. मिलमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता ठेकेदाराकडे मजुरांवर मुकादम. त्यानं आनंदरावांना मिठी मारली, टपरीवर नेऊन पोहे खायला घातले.

"उस्ताद, एक जागा आहे. मशीनवर. पण तुमच्यासाठी नाही जमणार. चाळिशीच्या वर ठेकेदार घेतच नाही. मी भांडलो, कसम से. कुणी पोरगा असेल घरात तर पाठवा."

आनंदराव स्वतःसाठी आलेच नव्हते. तरी ते वाक्य ऐकून त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. बाहेर शिफ्ट सुटत होती. गेटमधून तरणी पोरं निघत होती, सगळी नव्या निळ्या शर्टात.

"आहे एक पोरगा," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांना कळून चुकलं. श्रीहरी इथं आला तर पहिल्याच दिवशी विचारेल, शेजवळसाहेब कुठल्या खात्यात? मग घर जाईल. जागा आहे हे सांगितलंच नाही, तर घर राहील आणि तो पोरगा दारात तसाच उभा राहील. कीर्तीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. उतरले ते थेट दिघ्यांच्या ओट्यावर गेले.

"श्रीहरीसाठी जागा आहे," त्यांनी सांगितलं. "उद्यापासून जाऊ शकतो. मुकादम जयसिंगरावाला भेटायचं. आणि दुसरं असं, की मी तिथं नोकरीला नाही. कधीच नव्हतो. सायकल स्टँडवर असतो. भाडं मुलीच्या पगारातून येतं. ते कधी चुकलं नाही, चुकणारही नाही."

दिघ्यांनी पेपराची घडी घातली. घडीवरून बोट फिरवलं.

"शब्दावर घर दिलं होतं मी," ते म्हणाले. बोलण्यातला 'साहेब' गेला होता. "आमच्या लोकांनी किती समजावलं, वर कुणाला ठेवतोस म्हणून. मी सगळ्यांशी भांडलो. आणि तुम्ही हे असं केलंत. शेवटी लोक म्हणतात तेच खरं ठरलं ना?"

"कोण लोक? काय म्हणतात?" आनंदरावांनी विचारलं.

दिघे दुसरीकडे बघू लागले. "ते जाऊ द्या. महिना संपला की खोल्या रिकाम्या करा."

आनंदराव वर आले. खोटं तिघांचं होतं, पण दिघ्यांनी ते त्यांच्या सगळ्या वस्तीच्या नावावर मांडलं होतं. परदेशीपुऱ्याच्या, महूच्या, पलटणीतल्या बापाच्यासुद्धा. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांना बघवेना. घर गेल्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

कीर्ती आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. चप्पल काढली नाही, तशीच बसली.

"कुणाच्या मुलासाठी केलंत, बाबा?" तिनं विचारलं. "माझ्यासाठी कधी गेला होतात असे कुणाकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्र दिघे जिना चढून वर आले. आजवर ते कधी वर आले नव्हते. चंपाबाईंनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"ते जयसिंगराव. श्रीहरी आज जाणार आहे. एक गोष्ट आहे जरा. त्याचे डिप्लोम्याचे दोन विषय राहिलेत. तेवढं कोण बघतो! तुम्ही फोन करून सांगा की पास आहे. तुमचा शब्द तिथं चालतो ना."

कीर्ती आतून बाहेर आली. हसली. ते हसू आनंदरावांना तिच्या तोंडावर नको होतं.

"आणि खोल्या?" तिनं विचारलं.

"ते वेगळं, बेटा. ते तत्त्वाचं झालं."

आनंदराव कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन करायला गेले. मागोमाग दिघे आले आणि काचेबाहेर उभे राहिले. जयसिंगरावाला बोलवून आणेपर्यंत वेळ गेला. आनंदराव म्हणाले, "पोरगा पाठवतोय. दोन विषयांत नापास आहे, हे सांगून ठेवतो. पण घे त्याला."

पलीकडून जयसिंगराव हसला. "उस्ताद, ठेकेदारीत कागद कोण बघतो? हातपाय आहेत ना? मग झालं."

काचेबाहेरून दिघ्यांनी खुणेनं विचारलं, काय झालं? आनंदरावांनी मान हलवली. दिघ्यांनी दोन्ही हात जोडले आणि लगबगीनं घराकडे वळले. खरं सांगूनच काम झालं, हे त्यांना सांगायला आनंदराव मागे धावले नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला नसता.

श्रीहरी त्याच दिवशी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या बसनं जाऊ लागला. जिन्यात भेटला की मान खाली घाली. एकदा त्यानं "काका, सॉरी" असं काहीतरी पुटपुटलं. आतून वसुधाबाईंनी हाक मारली तसा गेला. महिनाअखेर जवळ आली तेव्हा दिघ्यांनी निरोप धाडला, की पाहिजे तर पोरगा कायम होईपर्यंत राहा, पुढचं पुढे. चंपाबाईंना तेवढ्यानंही बरं वाटलं. पण कीर्ती म्हणाली, "नाही. एक दिवस जास्त नाही."

नवी जागा तिनंच शोधली, मालवा मिलकडच्या एका गल्लीत. बघायला जायच्या दिवशी आनंदराव शर्ट घालून तयार झाले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी आणि आई जातो. तुम्ही नका येऊ आत."

"मी काही बोलणार नाही."

"तेच तर. तुम्ही बोलत नाही, आणि मग एकदम बोलता."

तरी ते बरोबर गेले आणि समोरच्या पानाच्या ठेल्यापाशी थांबले. दार बंद झालं. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. ठेलेवाल्यानं विचारलं, "क्या बाबूजी, मकान देख रहे हो?" त्यांनी हो म्हटलं. "आप क्या करते हो?" ठेलेवाल्यानं सहज विचारलं. आनंदरावांनी खिशातून सुटे काढून सुपारी घेतली.

बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. चंपाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कीर्तीच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचा भाव होता.

"मिळालं," ती म्हणाली. "एक तारखेपासून."

ती टेंपो थांबवायला पुढे गेली. चंपाबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या. आत आपल्याला काय करून टाकलं, सुपरवायझर, आजारी, की आणखी काही, हे आनंदरावांनी त्यांना विचारलं नाही. टेंपो थांबला तसे ते मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून बसले.